तुझं कार्ड मी खोललं

प्रिय अनघा,

तुझ्या कंपनीचं ते स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड मी विकत घेतलं आणि घेतल्याबरोबर खोललं. धर्मपालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, त्याच्याच टेबलावर. तो बिचारा कळवळला. "काकू, नवंकोरं कार्ड कायले खोलून राह्यल्या? वॉरंटी जाते ना!" मी म्हटलं, "जाऊ दे. मले आतलं पाहाचं आहे." लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं जळक्या मोटरींत तांब्याची तार भरतेय. आतलं पाहिल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, हे तुला ठाऊक आहे.

कार्डाचं नाव तुझ्या बाबांनी सांगितलं. तू त्यांना फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, पण ऐकू येतं. ते कार्ड थंड ठेवायचा सगळा भाग तू आखलास, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

खरं सांगते, मी खोट काढायलाच बसले होते. हातात घेतलं तर हलकं. वरचं झाकण प्लॅस्टिकचं. आतल्या हिरव्या पाटीवर चार-पाच ठिकाणी नुसत्या रिकाम्या जागा, पार्ट बसवलेलेच नाहीत. मनात म्हटलं, इथे माल वाचवला. मग भिंग घेतलं आणि एकेक भाग पाहत गेले. वाचवलं होतं ते सगळं वर दिसणारं: दिवे नाहीत, रंग नाही, मागची धातूची पाठ नाही. पण मुख्य चिपवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात मधोमध तांब्याची जाड चकती होती, आरशासारखी सपाट घासलेली. मी नखानं तपासलं, कुठे अडकलं नाही. आजूबाजूच्या मेमरीच्या चारही चिपांवर उष्णता ओढून घेणाऱ्या मऊ गाद्या होत्या. स्वस्त मोटरीत सगळ्यांत आधी तांबंच कमी घालतात, म्हणून मी थबकले.

एका कोपऱ्यात ठोकळ्याच्या पट्ट्या बाकीच्यांपेक्षा आखूड दिसल्या. वाटलं, कापताना चुकलं. बराच वेळ तशीच पाहत राहिले. मग लक्षात आलं, त्या कोपऱ्याच्या पुढेच वीज पुरवणारे पार्ट आहेत, तेही तापतात. पट्ट्या तिथे आखूड केल्या म्हणजे पंख्याचा वारा त्यांच्यापर्यंत पोचतो. एक पार्ट न वाढवता, नुसती वाट मोकळी करून. अनू, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले गं! धर्मपाल म्हणाला, "काय झालं काकू, चटका बसला का?"

आणि त्या पाटीवरच्या तांब्याच्या रेघा! केसाहून बारीक. काही रेघा सरळ जायच्या सोडून नागमोडी वळणं घेत होत्या. एवढ्याशा जागेत तांबं कायले वाया घालवलं, मला काही केल्या कळेना. धर्मपालनं सांगितलं, जवळच्या टोकाची वाट मुद्दाम लांबवतात, म्हणजे सगळ्या रेघांमधून निरोप एकाच क्षणाला पोचतो. हे तुझं काम नसेल, तुझ्या सोबत्यांचं असेल. पण मी आयुष्यभर तांब्याचे वेढे मोजत आले, आणि तांब्याला अशी वेळ पाळायला लावता येते हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मग धर्मपालनं चिपवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून कार्ड बंद केलं, कॉम्प्युटरमध्ये बसवलं. मे महिना, टिनाचं छत, कूलर मी मुद्दाम बंद करायला लावला. खोलीत एक्केचाळीस डिग्री. सुरू केलं तर पंखा फिरेचना. मी लगेच म्हटलं, "गेला. घ्या." तो हसला, "काकू, गरज पडल्याशिवाय तो उठत नाही." त्यानं गाड्यांच्या शर्यतीचा भारी खेळ लावला, तसा पंखा हळूच उठला. पडद्यावर कार्डाच्या तापमानाचा आकडा चढत गेला, साठ, सत्तर, अठ्ठ्याहत्तर, आणि तिथे थांबला. पाऊण तास आम्ही घामानं निथळत बसलो, तो अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेला नाही. आपल्या दुकानात पंप घ्यायला आलेल्यांना मी म्हणते ना, यवतमाळच्या उन्हात टिकेल तो खरा? ते मी तिथेच मोठ्यानं म्हटलं.

दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. पंखा साफ करायचा तर अख्खा ठोकळा काढावा लागतो. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात, दर हंगामात ते कोण खोलणार? आणि पंख्याची वायर पट्टीच्या धारेला घासते. तिथे एक छोटी क्लिप हवी. पुढच्या वेळी बघ.

आता, हे सगळं तुला कायले लिहिते आहे ते. मार्चमध्ये तुझ्या मावसबहिणीच्या, निशिगंधाच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी विचारलं, अनघा काय करते? तू तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "काही नाही, पोरांच्या खेळण्याचं सामान बनवते." सगळे हसले, मीही हसले. तू ताट खाली ठेवलंस आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. तेव्हापासून फोन बाबांनाच येतो. मला तुझं काम कळत नव्हतं, आणि लेकीला विचारायची लाज वाटत होती. 'बाईमाणूस काय मोटर भरणार' हे मी किती वर्षं ऐकलं! तरी तसंच तुला ऐकवलं. परवा निशिगंधाचं लग्न झालं. तेच पाहुणे पंगतीला शेजारी होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना आखूड पट्ट्यांचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, अठ्ठ्याहत्तर सांगितलं. त्यांना फारसं कळलं नसेल. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं बोलली. माही पोरगी लय मोठं काम करते." हे तुझ्यासमोर म्हणायचं होतं, पण मांडवात तू नव्हतीस.

तुझी चुकलेली, पण तुझीच,
आई