वाडग्यातलं पाणी

१४ एप्रिल २००६, शुक्रवार. दम्माम, कॅम्प.

पोटात अजून तरी काही होत नाही. बघू.

आमच्या खोलीतला थाई वेल्डर सोमचाय संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खाटेपाशी आला. हातात वाडगा, पाण्याला मोगऱ्यासारखा वास. दोन वर्षांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे न बोललेला माणूस म्हणतो, "भाई, हाथ." मी उजवा हात पुढे केला, त्याने त्यावर पाणी घातलं. आणि मी काय केलं? तीर्थ घेतात तसं पिऊन टाकलं, ओला हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. सवयच ती. तो बघतच राहिला. का? पाण्यात अत्तर होतं की आणखी काही?

मग मान खाली घालून तिथेच उभा. जाईना. नजर खाटेखाली, माझ्या पेटीवर. मी पायाने पेटी आत सरकवली, कुलूप चाचपलं. तेव्हा गेला.

जेवताना रत्नागिरीच्या दाऊदभाईंना विचारलं. त्यांनी थाई लोकांबरोबर बरीच वर्षं काढलीत. ते हसत सुटले. "अरे, आज नवीन वर्ष त्यांचं. वडीलधाऱ्याच्या हातावर पाणी घालतात, प्यायचं नसतं ते. खोलीत वयाने मोठा तूच ना? मान खाली घातली म्हणजे आशीर्वाद हवा असतो. दिलास काय?"

दिला, म्हटलं.

हाताला अजून मोगऱ्याचा वास आहे. समोर सोमचाय शर्टाची घडी करून पेटीत ठेवतोय. त्याच्या पेटीला कुलूप नाही, हे आज पाहिलं.