फिल्टरची जुनी रिंग

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे आई आणि मी मजेत. बातमी एकच. गाडीचं ऑइल आणि फिल्टर काल मी स्वतः बदलला. समोरचा मेकॅनिक गॅरेजच्या दारात उभा राहून दात काढत होता. त्याला म्हटलं, मी जन्मभर मनगटी घड्याळं खोलली, हा तर डब्याएवढा फिल्टर! आई खिडकीतून ओरडली की उरलेले स्क्रू मोजून ठेव. एकही उरला नाही, हे तुला मुद्दाम कळवतो, कारण तुझ्या रेडिओचं प्रकरण तू अजून विसरलेली नाहीस.

डोळ्यांच्या वॉर्डातल्या तुझ्या नर्सच्या ड्युटीतून कधी सुटका होते ते कळव. गाडीतून फिरवून आणतो.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
घड्याळजी

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. आईच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी का? आईला विचारलं तर म्हणते, गाडी बंद पडली, होतं असं कधीकधी. तू तर फोनवर येतच नाहीस. काकू म्हणतात, दुकान उघडतो, बसतो, बंद करतो.

इथे वॉर्डातल्या दोघी नर्स आजारी आहेत, महिनाभर तरी रजा मिळणार नाही. काय झालं ते सगळं लिही. ओरडणार नाही. आणि जेवत जा रे.

तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहितो.

सतरा तारखेला सकाळी आई म्हणाली, डाव्या डोळ्यात कडेने काळं चढतंय. मधलं नीट दिसत होतं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला. एकच्या आत पोचा, आजच करतात, म्हणाले. साडेदहाला निघालो.

जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. मी नवा फिल्टर तिच्यावरच बसवला. दोन रिंगा झाल्या, म्हणून तो घट्ट बसलाच नाही. हे मला नंतर मेकॅनिकने दाखवलं. तेव्हा तो हसला नाही. गल्लीबोळात चालवली तोवर टिकलं. हमरस्त्यावर वेग घेतला आणि सगळं ऑइल बाहेर गेलं. ऑइलचा लाल दिवा लागला. मी पाहिला. वाटलं, पोचू कसंबसं. तीन किलोमीटरवर इंजिन जाम झालं.

आसपास वस्ती नव्हती, गाड्या थांबत नव्हत्या. आई कठड्यावर बसली. मी हात करत राहिलो. शेवटी एका दुधाच्या गाडीने घेतलं. पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. डॉक्टर दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनला गेले होते. सकाळी केलं.

आता त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस हलला तर कळतं. बाकी काही नाही. गाडी भंगारात दिली.

मला काही वाटत नाही, ताई. रडूही येत नाही. हात कापत नाहीत. घड्याळ उघडतो, भिंग लावतो आणि नुसता बघत बसतो. गिऱ्हाईक आलं की कळतं, तासभर झाला.

तू पंधरा वर्षं हेच काम करतेस. एक सांग. वेळेत पोचलो असतो तर डोळा वाचला असता का?

घड्याळजी

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. थेंब चार वेळा घालायचे, आधी हात साबणाने धुवायचे. आईला वाकू देऊ नकोस, जड काही उचलू देऊ नकोस. आई बऱ्या उजव्या डोळ्याने वाचते का? त्या डोळ्याचीही तपासणी करून घे. इकडे थंडी ओसरली. मेट्रनबाईंचा पाय मुरगळला, आता त्या खुर्चीत बसून राज्य करतात.

जपून राहा.
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थेंब वेळेवर घालतो. मेट्रनबाईंना बरं वाटो.
मी विचारलेलं राहिलं.

घड्याळजी

११ मार्च

चि. धाकट्या,

हो. फरक पडला असता.

निघताना तिला मधलं दिसत होतं, म्हणजे पडद्याचा मधला भाग अजून जागेवर होता. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बहुतेक वेळा वाचते. खात्री कुणीच देत नाही, पण बहुतेक वेळा. तिचा तो भाग त्या दुपारी किंवा रात्री सुटला.

काही सांगता येत नाही, असं तुला तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तू मला ओळखतोस. ते वाचून तू गप्प बसला असतास आणि पुन्हा कधी काही विचारलं नसतंस. मला ते नको होतं.

तुझ्यावर राग आहे का, हे मी स्वतःला विचारलं. आहे. एक तारखेला संध्याकाळच्या बसने येते आहे. स्टॉपवर ये. राग असला तरी मी तुझ्याकडेच येते आहे, हे लक्षात ठेव.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट फाडल्याचा आवाज आईने ऐकला. म्हणाली, मोठ्याने वाच, वाचताना माझा डोळा दुखतो. ‘फरक पडला असता’ ही ओळ गाळता आली असती. गाळली नाही. सगळं वाचलं.

आई म्हणाली, हे तिला आधीच ठाऊक होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला सांगितलं होतं. मुलाला सांगू नका, असं तिनेच त्यांना बजावलं होतं. मी विचारलं, का? तर म्हणाली, तुझं तोंड बघितलंस का तू? आणि चहा टाकायला सांगितला. मी टाकला. दूध उतू गेलं.

काल तपासणीला बसने गेलो. मी तिच्या उजवीकडे बसलो होतो, नेहमीसारखा. तिने मला उठवलं आणि डावीकडे बसवलं. म्हणाली, या बाजूचं मला दिसत नाही, इकडे तू बस आणि काय काय जातंय ते सांग.

सांगत गेलो. पेट्रोल पंप, शाळा, लाकडाची वखार, कडेला उभा असलेला ट्रक. दीड तास. मधे एकदा मी थांबलो, तर ती म्हणाली, पुढे?

एक तारखेला स्टॉपवर येतो.

तुझा,
धाकटा