लॅपिनांच्या घरी बर्फ नव्हता

ईरी, रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय थॅड,

तू बरा आहेस असं धरून चालते. स्पोकेनलाही यंदा थंडी फार आहे, असं बातम्यांत दिसलं. इथे तलाव किनाऱ्यापासून दूरवर गोठलाय. स्टेला मावशी चौऱ्याऐंशीची झाली तरी गाडी स्वतःच चालवते. तिच्या गल्लीतल्या लोकांनी मात्र आपल्या गाड्या रस्त्यावर लावणं सोडलंय. माझ्या शाळेत ग्रंथपालाच्या जागेवर यंदाही मीच आहे.

तू फोन उचलत नाहीस. तो का उचलावास, याचं उत्तर माझ्याकडेही नाही, म्हणून कागदावर लिहिते. हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी फार लवकर रडायला लागले होते आणि ते मलाच खरं वाटेना.

टीव्हीवरची ‘लॅपिन्स अपस्टेअर्स’ आठवते तुला? आठवत असणारच. लाँड्रीच्या वर राहणारं ते कुटुंब, जाडजूड बाप, सतत काहीतरी हरवणारी आई. १९८७ च्या शरद ऋतूत दर मंगळवारी साडेआठला लागायची. आठ भाग झाले आणि ख्रिसमसच्या आत वाहिनीने ती बंद केली. जगात ती कोणालाच आठवत नाही, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी कळलं की आठवणारे निदान अकरा जण आहेत. इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे आणि मी त्यात शिरले.

तिथली भांडणं तू वाचायला हवी होतीस. फ्रेस्नोच्या डोलोरेसबाई ठामपणे सांगत की बाप दातांचा डॉक्टर होता. मग तो लाँड्रीवर का राहील, असं कोणी विचारलं, तर म्हणाल्या, वाईट डॉक्टर असेल. एकाला कुत्रा आठवत होता, दुसऱ्याला तोच कुत्रा दुसऱ्या मालिकेतला वाटत होता. घर कुठल्या शहरात होतं यावर तीन आठवडे वाद चालला. मी बफेलो म्हणाले. सगळ्यांनी मानलं, कारण त्या गटात माझी आठवण सर्वांत पक्की समजली जायची. पायरीचा भाग फक्त मलाच आठवत होता ना.

तो मी त्यांना सविस्तर लिहून दिला होता. बाप मुलावर चिडतो. मुलगा नुसत्या मोज्यांवर बाहेर, पायरीवर. बाप कडी लावतो, येऊन खुर्चीत बसतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. बाहेर बर्फ. मुलगा दार वाजवतो, लोक हसतात. पुन्हा वाजवतो, लोक आणखी हसतात. मग जाहिराती. डोलोरेसबाईंनी लिहिलं, ‘अगदी बरोबर, आता मलाही आठवलं.’

जानेवारीत ऑर्व्हिल स्टॅन्सिल नावाचे डेटनचे एक निवृत्त इलेक्ट्रिशियन गटात आले. त्यांच्या दिवंगत बायकोने आठही भाग रेकॉर्ड करून ठेवले होते, प्रत्येक लेबलावर तारीख घालून. त्यांनी सगळ्यांना प्रती पाठवल्या. माझ्या पाकिटात एक चिठ्ठी होती: ‘बाई, तुमचा पायरीचा भाग मी दोनदा शोधला. तो नाही. आणि राग मानू नका, पण लॅपिन मंडळी टुसॉनला राहतात. सगळ्या भागांत अंगणात निवडुंग आहे.’

मी आठही भाग पाहिले. निवडुंग आहे. बर्फ नाही.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशी एवढंच आहे: ‘स्टॅन्सिल यांचं बरोबर.’ बारा वर्षांची असल्यापासून मी रोज लिहिते, पण १९८७ त्याच्याही आधीचं. तेव्हा मी नऊची होते, तू तेरा.

आता बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाचं लिहायला हवं. दोनदा उठून चहा केला, तरी ते टळत नाही. चर्चच्या तळघरात आपण बसलो होतो. तुझ्या डाव्या पायाला दोन बोटं कमी का, असं कोणाच्या तरी लहान मुलीने विचारलं आणि तू तिला सरळ सांगितलंस, की बाबांनी तुला बर्फात बाहेर ठेवलं होतं. आणि मी म्हणाले, “थॅड, अरे, ते लॅपिनांच्या मालिकेतलं आहे. तू टीव्हीतलं आपल्या घरात आणून ठेवलंस. तुझी बोटं तर गोठलेल्या तलावावर मासे पकडायला गेलास तेव्हा गेली.” आधी मावशी हसली, मग सगळे. तू बटाट्याच्या सॅलडची बशी खाली ठेवलीस आणि कोट घेतलास. त्याला जूनमध्ये तीन वर्षं होतील.

मी खोटं बोलत नव्हते. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आणि चार वेळा परत लिहिलं. मला खरंच तसं वाटत होतं. पण ‘खरंच वाटत होतं’ याचा अर्थ काय, तेच आता कळत नाही. कोणी माझ्या डोक्यात हे घातलं, की मी स्वतःच तिथे नेऊन ठेवलं? आणि ठेवलं असेल, तर ठेवताना मला ते माहीत होतं का?

आठवा भाग पाहताना एक गोष्ट झाली. लेबलावर १५ डिसेंबर लिहिलंय. आईने हरवलेली अंगठी सापडावी म्हणून बाप पोहण्याचा तलाव उपसतो, एवढीच गोष्ट. पण प्रत्येक हशा कुठे येणार हे मला आधीच ठाऊक होतं. तिसऱ्या हशानंतर मी पडद्याकडे पाहतच नव्हते. मी माझ्या घराच्या दाराकडे पाहत होते.

मग बाकीचं आलं. आलं की मी रचलं, तेही सांगते: साठ टक्के आलं असं वाटतं.

आईची दुपारची पाळी असायची, म्हणून तू तिच्यासाठी भाग रेकॉर्ड करायचास. गालिच्यावर पालथा पडून, जाहिरात लागली की थांबवायचास आणि संपली की परत चालू. त्या दिवशी कोरी कॅसेट नव्हती. बाबांनी त्यांच्या फुटबॉलच्या सामन्याच्या कॅसेटचा कडेचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम मोडला होता, म्हणजे तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की होतं, हे मला शाळेत एका मुलीने शिकवलं होतं. चिकटपट्टी मी लावली, थॅड. लावली आणि कोरी कॅसेट आहे म्हणून तुझ्या हातात दिली. मला आईसाठी काहीतरी करायचं होतं.

बाबा सामना शोधत वर आले, डबी रिकामी दिसली, यंत्रातून कॅसेट काढली. हे कोणी चिकटवलं, असं विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस.

“मी,” म्हणालास.

एवढंच तुझ्या आवाजात ऐकू येतं. बाकी सगळं हसण्याच्या आवाजात.

हे नक्की करायला मी काल मावशीकडे गेले. मनात होतं की ती मला वेड्यात काढेल. सांगत होते तोवर तिने निम्मे बटाटे सोलले. मग म्हणाली, “अगं, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या आईने, हेलनने, दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं. ते माशांचं आम्हीच ठरवलं.” मग त्या दिवशी हसलीस का, असं मी विचारलं. तिने सुरी खाली ठेवली नाही. “तू इतकं छान निभावून नेलंस. मला वाटलं, तुलाही माहीत आहे.”

म्हणजे त्या टेबलावर खरं माहीत नसलेली मी एकटीच होते, आणि सगळ्यांच्या उपयोगी पडले.

मी म्हटलं, अर्धा तासच ना? अर्ध्या तासाचाच तर भाग. मावशी म्हणाली, दोन तास. आई रात्री अकराला पाळीवरून आली तेव्हा तू आत होतास, शेगडीसमोर, मोजे पायाला चिकटलेले. तुला आत कोणी घेतलं, हे आईने तिला सांगितलं नाही.

जेवणाला जे जे होते त्या सगळ्यांना मी आज पत्रं टाकली. त्यात लिहिलं की थॅड खरं बोलत होता आणि चिकटपट्टी माझी होती. त्या लहान मुलीलाही वेगळं पत्र लिहिलं. ती आता अकरा वर्षांची आहे, तिला कळेल. तू परत येशील म्हणून हे केलेलं नाही. तसं असेल असा मला संशय आहे, म्हणून तेही लिहून ठेवते.

विचारायचं एकच आहे. तू उत्तर द्यावंस असा माझा हक्क नाही. माझ्या आठवणीत जाहिराती संपतात तेव्हा तू आत असतोस. दार उघडल्याचं मला दिसत नाही. कडी माझ्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर होती. मी उठून काढली, असं समजायला मन फार उत्सुक आहे, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही. बाबांनी काढली असेल तर तसं लिही. तू स्वतः खिडकीतून आत आला असशील तर तसं लिही. कोरं पाकीट पाठवलंस तरी मी ते उत्तर समजेन.

तू ‘मी’ म्हणालास तेव्हा जी गप्प बसली ती,
रोझ