सोनिकाचं ‘कहीं नहीं’

९ डिसेंबर

सोनिकाच्या सुजलेल्या गुडघ्याला अखेर नाव मिळालं — लहान मुलांचा संधिवात. सात वर्षांच्या माझ्या पोरीला! मी म्हटलं, अहो, हे तर म्हाताऱ्यांचं दुखणं. इथं सगळीकडे हिंदीच; डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बच्चों को भी होता है."

शांतपणे समजावलं त्यांनी. शरीरातल्या राखणदार पेशी जंतूंचे बारीक तुकडे ओळखायला शिकतात. तसेच दिसणारे तुकडे आपल्या अंगातही असतात. काही मुलांत तिथेच गफलत होत असावी — पक्कं अजून कुणालाच माहीत नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, फौजेतले. "म्हणजे आपल्याच छावणीवर गोळीबार!" एवढंच म्हणाले.

१० डिसेंबर

‘जंतू’ ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळं घर फिनाईलनं धुतलं. तिची मैत्रीण पद्मा खेळायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. नवऱ्यानं हात जोडले, "अगं, फरशी पुसून पेशी सुधारणार आहेत का?"

बरोबर आहे म्हणा त्याचं. संध्याकाळी पद्माला बोलावून आणलं.

१८ डिसेंबर

सकाळी पाय आखडलेला असतो. गरम पाण्याची पिशवी ठेवते, उचलून बाथरूमपर्यंत नेते. दुखतंय का गं? "नाही." ओठ घट्ट मिटलेले!

कुठून आलंय ते ठाऊक आहे मला. ती रांगायची तेव्हापासून बाबांचं एकच — फौजीची नात रडत नाही. आणि ही त्यांच्यावर जीव टाकते.

२ जानेवारी

तपासणी. "बेटा, कहाँ दुखता है?" "कहीं नहीं." बाईंनी गुडघा जरा वाकवला — डोळ्यांत टचकन पाणी, तोंडातून चकार शब्द नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ही खरं सांगणार नसेल तर औषध लागू पडतंय की नाही, कसं कळणार? आणखी एखाद्या सांध्यातली सूज आपल्याला कळलीच नाही, तर तो कायमचा बिघडेल.

घरी येऊन बाबांवर कडाडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! "पुरे झाली तुमची फौज! पोर अधू होईल माझी!" ते उठून आत गेले. जेवलेही नाहीत.

३ जानेवारी

बाबांना चहा नेऊन दिला. घेतला. मान वर केली नाही. फार वाईट वाटतंय. पण शब्द परत घेणार नाही.

५ जानेवारी

मरणाची थंडी. पलंगावरून उठताना बाबा मोठ्यांदा ओरडले, "आई गं! मेलो! गुडघा!" त्यांच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सोनिका रजईतून डोकं काढून बघतच राहिली. "आजोबा, तुम्हाला दुखतं?"

"फार दुखतं गं बाळा. रोज दुखतं."

ती सरकत सरकत त्यांच्या कुशीत गेली. कानापाशी, जबड्यावर बोट ठेवलं. "मेरा इधर भी दुखता है. खाते टाइम." आणि जे भोकाड पसरलं! बाबा तिला थोपटत होते, स्वतःही रडत होते.

मी डॉक्टरांना फोन लावला.