लिफ्टमधला सेनापती

२ मार्च
सिनेमा पूर्ण! जुन्या, गाजलेल्या नाटकावरून. पण माझा सेनापती एका मॉलचा सिक्युरिटी मॅनेजर. तिसऱ्या अंकातलं ते प्रसिद्ध स्वगत, जे लोक चारचौघांत हट्टाने म्हणून दाखवतात, ते सरळ कापलं. त्या जागी लिफ्टचा सीन. सेनापती एकटा, क्लोजअप, संपूर्ण मौन. शब्दांचा जमाना गेला. हिरोला ते स्वगत शेवटपर्यंत पाठ झालं नाही, ही गोष्ट वेगळी. निर्णय कलात्मकच होता.

५ मार्च
शुक्रवारी प्रिव्ह्यू. वितरक येणार. तो हो म्हणाला तर थिएटरं मिळतील, नाही म्हणाला तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. मी अजिबात टेन्शन घेतलेलं नाही. नखं संपलीत, पण ती तशीही वाढलीच होती.

६ मार्च
एडिटर म्हणाली, अजून वेळ आहे, स्वगत घाल. एडिटर म्हणजे माझी बायको. तिचं मत धरता येत नाही, कारण तिचे वडील रंगभूमीवर वर्षानुवर्षं हाच सेनापती करायचे. शुद्ध घराणेशाही. मी तिला शांतपणे समजावलं. शेजाऱ्यांनी बेल वाजवून आवाज कमी करायला सांगितला.

७ मार्च, सकाळ
प्रिव्ह्यूनंतर दारापाशी नम्रपणे उभं राहायचं ठरवलंय. आरशात नम्र चेहऱ्याची तालीम केली. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का. सासरेबुवाही येणार. त्यांना अगदी मागची सीट दिली. त्यांच्या पाठीला बरी.

७ मार्च, इंटरव्हल, थिएटरचा जिना
झकास चाललंय. विनोद नसलेल्या जागी एक गृहस्थ हसले. म्हणजे आशयाची खोली पोचतेय. वितरक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. नोट्स काढत असणार. पुढे लिफ्ट.

८ मार्च
काल रात्री लिहिणं जमलं नाही.

लिफ्ट आली. शांतता. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, आवाज गेला. दुसरा ऑपरेटरच्या नावाने शंख करू लागला. मग चौथ्या रांगेतल्या एका बाईंनी, अडलेल्या नटाला पुढचं वाक्य द्यावं तशी, स्वगताची पहिली ओळ दिली. दुसरी डावीकडून आली. मग अख्खं थिएटर! पडद्यावर माझा हिरो भुवया आवळून उभा, आणि खाली लोक त्याचा पार्ट म्हणतायत. एका ठिकाणी सगळेच अडले. तेव्हा मागून सासरेबुवांचा आवाज आला आणि बाकीचे गप्प झाले.

शेवटी टाळ्याच टाळ्या. लोक पडद्याकडे पाठ करून वाजवत होते. नंतर मी दारापाशी नम्र उभा राहिलो. एका काकांनी मला पार्किंग कुठे आहे विचारलं.

थोडक्यात, प्रेक्षकांचा थेट सहभाग. हे मी आधीपासूनच योजलं होतं, असं आता आठवतंय.

१० मार्च
वितरकाचा फोन. सिनेमा घेतो म्हणाला. अट एकच, लिफ्टमध्ये सासऱ्यांचा आवाज. मी ठणकावलं, मौन हा या सिनेमाचा आत्मा आहे. तो म्हणाला, मग आत्मा घरी ठेवा आणि सिनेमाही. मी तत्त्वाला चिकटून राहिलो. चहा होईपर्यंत.

सासरेबुवांना विचारायला गेलो. त्यांनी उलट मलाच विचारलं, जावईबापू, तुमच्या सिनेमात माझा आवाज जुनाट तर नाही ना वाटणार? खूप लाज वाटली. पण ती दाखवली नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

२८ मार्च, रिलीज
हाउसफुल. लिफ्टचा सीन सुरू झाला, वितरकाच्या अटीसकट. माझा क्लोजअप लोकांवर काय परिणाम करतोय ते पाहायला मागे वळलो. रांगेच्या रांगा डोळे मिटून बसल्या होत्या. झोप नव्हती; एका आजींचे ओठ हलत होते.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, मोठ्या पडद्यावर क्लोजअप कसा दिसला?

पाहिलाच नव्हता. मीही ऐकतच होतो.