हळदीकुंकवातला सर्व्हे

सोमवार, ३ मार्च २०२५

माफ कर, वही. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. कारणं द्यायला बसले तर त्यातली अर्धी खोटी निघतील, म्हणून देत नाही.

आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना. परळच्या चाळींतल्या बायकांच्या तब्येतीचा आमचा सर्व्हे संस्थेतल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. उत्तरं कुठे एका बाजूला कलली आहेत हे ते दाखवतं, आणि आपण न विचारलेलंही काही शोधतं म्हणे. मी हसले होते. इतकी वर्षं आकडे वाचतेय, मला काय दाखवणार!

दाखवलं. "आणखी काही सांगायचंय?" या प्रश्नाखाली बायका एक-दोन ओळी बोलतात. आम्ही त्या कधी धड वाचत नाही. त्याने सगळ्या वाचल्या! आणि वर काय काढलं — गुडघे दुखतात म्हणणाऱ्या बायकाच लघवीला जळजळ होते म्हणतात. यंत्राला कारण माहीत नाही. मला क्षणात कळलं. संडास गॅलरीच्या टोकाला. गुडघ्यांनी खेपा होत नाहीत, म्हणून बाई पाणीच पीत नाही.

अंगावर काटा आला. मी वाढले त्याच चाळीत. आई अजून तिथेच आहे, माझा भाऊ राकेश आणि वहिनी प्रितीजवळ.

मंगळवार, ४ मार्च

आमच्या संस्थेचे प्रमुख रामदास सर खूश. "मेघना, बघ, अहवालाला वजन आलं!"

अहवाल ट्रस्टकडे गेलाच आहे. चाळीखालचा संध्याकाळचा दवाखाना ट्रस्ट चालवतं. बहुतेक बायकांना त्याची गरज वाटत नाही, असं आम्ही लिहिलंय. महिनाअखेरच्या बैठकीत तो बंद करायचं ठरेल. आकडे तसे आहेत.

आकडे तसे आहेत. दोनदा का लिहिलं मी हे?

गुरुवार, ६ मार्च

पडद्यावर लाल चौकट. साठीपुढच्या बायकांत विधवा जवळजवळ नाहीत, या वस्तीत हे संभवत नाही, मुलाखती कुठे घेतल्या? आणि खाली — दोन इमारतींतून उत्तरंच नाहीत.

बघत बसले. ज्याला संक्रांत माहीत नाही, कुंकू माहीत नाही, त्याला रिकामी जागा दिसली! जे आले त्यांना सगळेच मोजतात. न आलेल्या बायका याने पाहिल्या.

मुलाखती हळदीकुंकवात घेतल्या. कल्पना माझी. दारोदार फिरायला नको, बायका एका खोलीत सापडतात, नटूनथटून, हसऱ्या. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. मीच, समाजशास्त्र शिकलेली!

नम्रता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, नायगावची. म्हणाली, "ताई, त्या दोन बिल्डिंगी आमच्या लोकांच्या. बौद्धांकडे कुठलं आलंय हळदीकुंकू?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, नंतर बघू."

म्हणाले होते.

शनिवार, ८ मार्च

एक हळदीकुंकू तर आमच्याच घरी, चाळीत, प्रितीचं होतं. मी कोपऱ्यात टॅब्लेट घेऊन बसलेली. आई बाहेर गॅलरीत स्टुलावर, मटार सोलत. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. बायका यायला लागल्या तशी आपणच उठली. मी तिथूनच ओरडले, "आई, चहा टाकशील का गं?" तिने टाकला.

तिच्या खोलीत तिच्या शेजारणींची तब्येत विचारत होते मी!

सोमवार, १० मार्च

सरांना सांगितलं. पाठवलेला अहवाल चूक आहे, मागे घेऊ या.

"अगं, संस्थेची अब्रू आहे काही! यंत्र म्हणतं म्हणून?"

"यंत्र फक्त विचारतंय, सर. उत्तर मला माहीत आहे."

सरांनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "बैठकीच्या आत सर्व्हे परत करून आणा, तू आणि नम्रता. दारोदार. आणि यावेळी सण बघू नका!"

गुरुवार, २० मार्च

आम्ही दोघीच फिरतो. अर्ध्या चाळी नम्रता, अर्ध्या मी. मला ओळखतात म्हणून आमच्या बाजूच्या मी घेतल्या. नियमाप्रमाणे आईची मुलाखत मी घ्यायची नाही. तिचं दार नंतरसाठी ठेवलंय.

रखमाकाकी आईच्या खालच्या मजल्यावर, एकट्या. दारातच म्हणाल्या, "सवाष्णीनी बोलावल्यानी नाय, आता मशीनान बोलावल्यान! ये गो, बस." मग चहा, मग माझी मुलगी कितवीला, मग नवऱ्याची नोकरी. तब्येत? "माका काय होतला? बरी आसंय मी."

सगळ्या तसंच. इतक्या टणक म्हाताऱ्या! कौतुक वाटलं. मग काळजीही — दवाखाना खरंच नको असेल तर?

सोमवार, २४ मार्च

नवी उत्तरं घातली. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा लाल.

एकाच वस्तीतल्या, एकाच वयाच्या बायका. पण मुलाखत कोण घेतं त्यावर उत्तर बदलतं. नम्रतापुढे बायकांनी सांगितलं — शुगरच्या गोळ्या अर्ध्या करून घेते; छातीत गाठ आहे, सुनेला बोलले नाही; चाळीखालच्या दवाखान्यात जाते, कारण तिथे घरचं कुणी भेटत नाही. माझ्यापुढे — बरी आसंय, बरी आसंय, बरी आसंय.

मान वर करून नम्रताकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही चाळीच्या लेक. तुम्हाला सांगितलं म्हणजे मजल्याला सांगितलं."

कलली होती ती मी. आणि हे मला दाखवलं कुणी, तर ज्याला माझं नावही ठाऊक नाही त्याने. रागवायला हवं होतं बहुतेक. मी नुसती थक्क. देवळात गाभाऱ्यासमोर बोलणं थांबतं तसं काहीतरी झालं.

माझ्या मुलाखती बाजूला काढल्या. त्या सगळ्या दारांवर नम्रता पुन्हा जाणार.

शुक्रवार, २८ मार्च

बैठकीत उभी राहिले. कुठे चुकलं ते सांगितलं — आधी हळदीकुंकू, मग मी. मग नम्रताला मिळालेली उत्तरं वाचून दाखवली, नावं न घेता. शेवटी सर स्वतःहून म्हणाले, "जबाबदारी संस्थेची आहे." दवाखाना राहतोय!

रविवार, ३० मार्च. पाडवा

आईकडे जेवून आले. श्रीखंड पुढे केलं तर म्हणाली, नको, हल्ली गोड जात नाही. विचारलं, तब्येत कशी आहे?

"बरी आसंय गो मी."

उद्या: नम्रताला आईकडे पाठवणे. मी जायचं नाही.