झबल्यांचं गाठोडं

४ जानेवारी, शनिवार
बिनपगारी रजा मंजूर. जूनपर्यंत. दत्तकाची रजा केव्हाच संपली होती, पण जुईला कुणाकडे ठेवून शाळेत जायला पाय निघत नव्हता. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "मजा आहे बाई तुमची." मजा आहेच. पगार तेवढा नाही.

संध्याकाळी अवी आणि मी कागद घेऊन बसलो. दोन कामं ठरवली. एका पगारात घर बसवायचं आणि मधली खोली जुईसाठी रिकामी करायची. मधली खोली म्हणजे आमच्या लग्नापासून "राहू दे, लागेल" म्हणत ठेवलेलं सगळं. जुई रांगत नेमकी तिथेच जाते. परवा तिच्या तोंडातून कुकरची शिट्टी काढली.

नियम: एक वस्तू आत आली की दोन बाहेर.
अवी म्हणाला, "जुई आली तेव्हा एकच आत आली. तिच्या हिशोबाने बाहेर किती?"
"अर्धं घर," मी म्हणाले.

१२ जानेवारी, रविवार
दोन मिक्सर, मोडका टेबल फॅन, नऊवारीचे दोन पिको न केलेले तुकडे, माझी बी.एड.ची टाचणं गेली. अवीची वायरींची पेटी गेली नाही. "यातली एक वायर कधीतरी लागते." कोणती? "ते लागल्यावर कळतं."

खर्चाचे रकाने पाडले. दूध, गॅस, पेट्रोल, औषधं, जुई. दुपारी हुशारी साजरी करायला मिसळ खायला गेलो. मिसळीला वेगळा रकाना करावा लागणार.

१५ जानेवारी, बुधवार
काल जुईचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने तिने घालून घेतले नाहीत, खाल्ले. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडले तशी आधी दचकली, मग गालिच्यावरचे चुरमुरे एकेक करून वेचत बसली. शेजारची पोरं बोरं घेऊन पसार.

सोसायटीतली हळदीकुंकवं सुरू. वाण म्हणून आतापर्यंत आलेलं: प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, आणखी एक चहाची गाळणी, साबणदाणी. आपल्या नियमाने बाहेर किती जायला हवं, अवी मोजत होता. त्याला गप्प बसवलं.

२७ जानेवारी, सोमवार
आज मोठी कामगिरी. बोहारीण आली होती. खूप वर्षांनी आमच्या बिल्डिंगखाली तिची हाक ऐकली. वर बोलावलं. डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवून दारातच मांडी घालून बसली.

जुने शर्ट, दोन जीन्स, पडदे. शिवाय जुईच्या झबल्यांचं गाठोडं. गेल्या मार्चात तिला घरी आणलं त्या आठवड्यात नांदगावहून आई (सासूबाई) घेऊन आल्या होत्या. विटून विटून सायीसारखी मऊ झालेली झबली, टोपडी, लंगोट. तीन महिन्यांची होती तेव्हापासून दिवाळीपर्यंत जुई त्यातच होती. आता एकही होत नाही.

"लहान पोरांचं कोण घेतंय ताई? आनखी एक जीन काढा."
"जीन नाही. हे बघा, सगळं सुती आहे."
"सुती हाय, पर इरलंय."
बरीच ओढाताण. शेवटी पाच किलोचा झाकणाचा डबा मिळवला. अवी आल्यावर त्याला वाजवून दाखवला. म्हणाला, "शिक्षिका वाटत नाहीस तू." मला ते कौतुक वाटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार
पहिला महिना. जवळजवळ जमलं. मिसळीच्या रकान्याने जुईच्या रकान्यातून उसने घेतले. फेब्रुवारीत फेडायचे.

मधल्या खोलीत आता खिडकीपर्यंत जाता येतं. खिडकी आहे हे विसरलो होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आईंचा फोन. स्नेहलला सातवा लागला. स्नेहल म्हणजे माझी धाकटी जाऊ, नांदगावला आईंजवळच असते. तेवीस तारखेला डोहाळजेवण. मी खूश. काय आणू, साडी कुठली, विचारत होते.

"साडी राहू दे. येताना गाठोडं आन."
"कोणतं?"
"कोनतं म्हंजे? झबल्यांचं. तुमच्याकडंच हाय ना ते."

आणि मग सांगत बसल्या. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं, सहज. आमच्या घरात बाळाला पहिलं नवं घालत नाहीत, घरातल्याच आधीच्या लेकराच्या अंगचं घालतात. गाठोडं जिथे बाळ असेल तिथे जातं. मामंजी त्यात वाढले. अवी, त्याची बहीण, भाऊ, चुलतभावंडं, सगळी. फाटेल ते गळतं, नवं मिसळतं. "आन् आता जुई," आई म्हणाल्या.

मी म्हणाले, "हो, आणते."

आणते म्हणाले मी.

गेल्या मार्चात मला धास्ती होती. नांदगावला कोण काय म्हणेल, कुणाचं मूल, कुठलं मूल. आईंनी काहीच विचारलं नाही. एसटीने आल्या, गाठोडं पलंगावर ठेवलं, जुईला मांडीवर घेतलं, चहा प्यायल्या. मला वाटलं, जुने कपडे आहेत, काटकसरी माणसं. त्यांनी त्या दिवशी काय सांगितलं ते आज कळलं. आणि मी ते जीन्सच्या जोडीला लावून

७ फेब्रुवारी, शुक्रवार
अवीला विचारलं, तुला माहीत नव्हतं?
"कसं असणार? मी ते घातलं तेव्हा तीन महिन्यांचा होतो."
थोड्या वेळाने: "नवी आणू. चहाच्या पाण्यात बुडवून चार वेळा धुऊ. कुणाला कळतंय?"
मोह झाला, खोटं कशाला लिहू. पण आई बोटांनी कापड बघतात.

वॉचमन म्हणाला, ती बोहारीण बुधवारच्या बाजारात बसते.

१२ फेब्रुवारी, बुधवार
अवीने अर्धी रजा टाकली. तिघं गोदाघाटावर. जुई अवीच्या खांद्यावर, दिसेल त्या टोपलीकडे हात. जुन्या कपड्यांच्या ओळीत बोहारीण सापडली. मला बघून आधी तिला वाटलं डबा गळतो.

"झबली? मऊ होती ती? ती विकत नाय आम्ही ताई. गॅरेजवाले घेतात. मऊ फडक्याला मागनी हाय. त्याच हप्त्यात गेली."

अवी गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे माझी लंगोटी आता कुणाच्या तरी इंजिनावर." ती फिसकन हसली. मीही. घाटाच्या पायरीवर बसून हसत होतो, आम्हाला बघून जुई हसत होती, आणि मग माझं हसणं कुठेतरी वळलं. अवीने कोथिंबिरीची जुडी माझ्या मांडीवर ठेवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आईंना सांगितलं. फोनवर, सरळ, मध्ये न थांबता.

त्यांनी विचारलं:
"बोहारनीनं काय दिलं?"
"डबा."
"केवढा?"
"पाच किलोचा."
"पत्रा जाड हाय का?"
"आहे."
"बरं."
मग हळू आवाजात, "तुझे सासरे बी त्यातच होते गं." आणि फोन ठेवला.

दुपारभर हातात काम नाही. जुईला खिमटी भरवताना दोनदा माझ्याच तोंडात चमचा.

चार वाजता त्यांचाच फोन. "जुईचं काय उरलंय का? तान्हेपनी अंगावर घातलेलं. एक असलं तरी चालंल. पयलं कापड घरच्या लेकराचं पायजे. बाकी जमा होतंय मग."

"बघते," म्हणाले. बघायला नको होतं. एकच आहे. कपाटात, माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत. संस्थेतून आणलं तेव्हा तिच्या अंगावर होतं ते. पांढरं, बारीक निळी फुलं, मानेशी नाडी. काठाला संस्थेची खूण म्हणून लाल दोऱ्याचे दोन टाके.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
अवी ऐकत नाही. "ते नको. ते तिला मोठेपणी दाखवायचं ठरलंय. तिच्या तिथल्या दिवसांचं तेवढंच आहे आपल्याकडे."

बरोबर आहे त्याचं. मी शालूतून काढून पाहत बसले. संस्थेत धुऊन धुऊन कापडाचा जाळीदार पदर झालाय. जुईच्या आधी कितीतरी बाळं त्यात झोपली असणार. तेही एका गाठोड्यातलंच. फक्त ती कुणाची लेकरं ते कुणी सांगू शकत नाही.

आणि तीच तर अडचण. झबलं जाईल याचं इतकं वाटत नाही. परत येईल याची भीती वाटते. स्नेहलचं पहिलं बाळंतपण माहेरी, सटाण्याला. तिथे तिच्या आईने एवढंच म्हटलं की राहू द्या, आमच्याकडे आहेत... तर आईंना काय वाटेल, मला काय वाटेल. जुईला अजून काही वाटत नाही, तेवढं बरं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
अवीनेच ते सौम्य साबणात धुतलं. दोरीवर वाळत घालताना चिमटे लावले नाहीत, खुणा पडतील म्हणून. इस्त्री मी केली.

२३ फेब्रुवारी, रविवार. नांदगावहून परतल्यावर
झोपाळा फुलांनी सजवलेला. स्नेहल हिरव्या साडीत, फुलांचे दागिने, घामाघूम. पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवल्या होत्या. तिने उघडली ती पेढ्याची. "पेढा, मुलगा," बायका ओरडल्या. दुसरी वाटी जुईने उघडली आणि बर्फी संपवली.

आईंनी ओटी भरली. गहू, नारळ, खण, आणि सगळ्यांवर ते झबलं. माझ्याकडे बघितलंही नाही. स्नेहलची आई शेजारीच बसली होती. उचलून घेतलं.

"हाई कोनं शे?"
"आमच्या जुईचं," आई म्हणाल्या. पुढे काही नाही. ना खुलासा, ना आवाज चढवणं. पुढच्या बाईला कुंकू लावायला वळल्या.

विहीणबाईंनी झबलं उलटं केलं. काठावरच्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. जुईकडे पाहिलं, तिच्या हनुवटीला बर्फी. "कापड मऊ शे," म्हणाल्या. घडी घालून पिशवीत ठेवलं. साड्यांच्या वर की खाली, ते मला दिसलं नाही.

स्नेहल माझ्याकडे बघून हसली. पण स्नेहल सगळ्यांकडेच बघून हसते.

बसमध्ये अवी म्हणाला, "आईचं बघितलंस? तीन शब्द."
"दोन," मी म्हणाले.

१६ मार्च, रविवार
मधली खोली रिकामी. जुईने आत जाऊन "आ" केलं, खोलीने परत "आ" केलं. तासभर दोघींचं चाललं होतं. ती उभी राहून चार पावलं टाकते आणि आपणच टाळ्या वाजवते.

वायरींची पेटी आता आमच्या पलंगाखाली.

आईंच्या फोनवर समजलं, अवीच्या बहिणीने सुरगाण्याहून जीपवाल्याबरोबर दोन टोपडी पाठवली, तिच्या धाकट्याची. आणखी कुणी काही. जमा होतंय.

३१ मार्च, सोमवार
तिसरा महिना. मिसळीने उसने फेडले. पुढच्या महिन्यात वर्षाचा गहू भरायचा, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. अवी म्हणतो, वर्षाला बारा महिने आणि तेरावा गव्हाचा.

सटाण्याला फोन करावासा वाटतो. स्नेहलची चौकशी करायला. करते, चौकशी करते, ठेवते. झबल्याचं विचारत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
स्नेहलला मुलगा झाला. काल दुपारी, सटाण्याला. दोघं सुखरूप. आईंचा आवाज फोनमधून बाहेर पडत होता, "लय केस हायेत गं, काळेभोर."

आज सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो. बाळ मानेपर्यंत दुपट्यात गुंडाळलेलं. डोळे मिटलेले, मूठ गालाशी, डोक्यावर टोपडं. मी पाहिला, ठेवला, परत पाहिला. अवीने माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन बोटांनी मोठा करत गेला, करत गेला, शेवटी नुसते ठिपके राहिले.

"नाडी दिसतेय," म्हणाला. "मानेशी. पांढरी."
"पांढरी नाडी सगळ्याच झबल्यांना असते."
"हो," तो म्हणाला. पण फोन काही परत देईना.

जुई आमच्या मध्ये घुसली. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "बाळ." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "बाळ." मग परत फोटोवर.

पाचवीला सटाण्याला जायचंय. अवीने रजा टाकली.